नॉर्वेत 1 आठवडा यॉट भाड्याने घ्यायची तर सोग्नेफ्योर्ड की हार्डांगर?

दोन्ही फ्योर्ड, म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या लांब खाड्या. तुम्ही 4 जण आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या बर्गन शहरातून सुरुवात म्हणताय, तर माझं मत सरळ हार्डांगर. सोग्नेफ्योर्ड 200 किमीच्या वर लांब आहे, शिडाची बोट तासाला जेमतेम 5-6 सागरी मैल जाते, म्हणजे पार आतल्या फ्लॉम गावापर्यंत जाऊन परत येण्यातच आख्खा आठवडा संपेल आणि बघणं काहीच होणार नाही. हार्डांगरमध्ये रोसेनडाल गाव गाठा, मग पुढे सुंदाल गावी बोट बांधा आणि बोंडहुस तलावापर्यंत चालत जा, समोर थेट हिमनदी दिसते. वितळलेल्या बर्फामुळे पाणी असं दुधाळ हिरवं दिसतं ना, आम्ही तिथे 2 तास नुसते बसून होतो!

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्या, मनात येईल तिथे नांगर टाकू असं इथे होत नाही, कारण कडा सरळ पाण्यात उतरते आणि काठापासून थोडं आत गेलं की खोली शेकडो मीटर, साखळी पुरतच नाही. म्हणून रोजचा मुक्काम गावच्या धक्क्यावर धरायचा, 'येस्टेहावन' म्हणजे पाहुण्या बोटींची जागा, बहुतेक ठिकाणी वीज, पाणी, अंघोळीची सोय असते.

जून ते ऑगस्टमध्येच जा, जून-जुलैत तर रात्री 10 नंतरही उजेड असतो. रेनकोट चांगला घ्या, बर्गनचा पाऊस आपल्या कोकणासारखाच चिवट. तुमच्यात कोणाकडे बोट चालवायचं लायसन्स आणि अनुभव नसेल तर प्लीज स्किपरसकटच (बोट चालवणाऱ्या माणसासकट) घ्या, डोंगरावरून अचानक वारा खाली कोसळतो तेव्हा जाणता माणूस लागतो. शेंगेन व्हिसा आधी, बुकिंगचे पैसे नंतर.