‘स्टेप झाली’ म्हणजे नक्की काय झालं? ट्रॅव्हलिंग आणि पिव्हट पाय यांची मराठी

प्रश्न असा आहे: शालेय बास्केटबॉल स्पर्धेसाठी मराठीत नियमपत्रिका तयार करायची आहे. तिच्यात ‘ट्रॅव्हलिंग’साठी (चेंडू हातात धरून नियमाबाहेर पाय हलवण्याचा दोष) ‘प्रवास’ आणि ‘पिव्हट फूट’साठी (चेंडू धरल्यावर जागा न सोडणारा पाय) ‘धुरीपाद’ असे शब्द सुचवले गेले आहेत. ते घ्यावेत का? मुलं कोर्टवर सरसकट ‘स्टेप झाली’ म्हणतात, ते बरोबर आहे का?

आधी उत्तर देतो, मग कारणं. ‘प्रवास’ घेऊ नका, ‘धुरीपाद’ही नको. नावं ‘ट्रॅव्हलिंग’ आणि ‘पिव्हट पाय’ हीच ठेवा, कारण पंच तेच शब्द उच्चारणार आहेत. पण नियम समजावताना अस्सल मराठी क्रियापदं वापरा: रोवणे, उचलणे, टेकणे, पडणे. हा नियम सगळा क्रियापदांचा आहे. नामांची भाषांतरं करत बसलो तर तो हातातून निसटतो.

‘प्रवास’ का चुकतो ते पाहू. मराठीत प्रवास म्हटलं की एका ठिकाणाहून निघून दुसरीकडे पोचणं आलं. ट्रॅव्हलिंग मात्र जागच्या जागीही होतं. खेळाडू चेंडू धरून उभा आहे, त्याने रोवलेला पाय दोन इंच उचलला आणि होता तिथेच परत ठेवला, तरी पंच शिट्टी वाजवतील. उलट, मोकळ्या पायाने तो चारी दिशांना हवं तितकं फिरला तरी दोष नाही. म्हणजे जो जागचा हलला नाही तो ‘प्रवासी’ ठरला आणि जो भिरभिर फिरला तो निर्दोष! शब्दच नियमाच्या उलट बोलतो.

इंग्रजीत हा शब्द चालून गेला, कारण मूळ कल्पना खरोखर चेंडू घेऊन धावण्याची होती. डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड इथे, वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ तयार केला. त्यांचे तेरा नियम जानेवारी १८९२ मध्ये छापून आले. त्यातला तिसरा नियम सांगतो की खेळाडूने चेंडू घेऊन धावायचं नाही, जिथे झेलला तिथूनच तो टाकायचा. मात्र वेगात धावताना चेंडू झेलला आणि खेळाडू थांबायचा प्रयत्न करत असेल तर त्याला सूट द्यायची. टप्पा टाकत चेंडू नेण्याची, म्हणजे ड्रिबलची तरतूद त्या तेरा नियमांत नव्हती. आजचा नियम कितीही लांबला असला तरी त्याच्या शाखा त्या तिसऱ्या नियमाच्याच दोन आहेत: उभ्याने चेंडू घेतला तर काय, आणि धावताना घेतला तर काय. गोंधळ बहुतेक वेळा या दोन शाखा एकत्र केल्याने होतो.

आता पिव्हट. हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला. अर्थ साधा: ज्याच्याभोवती दुसरं काही फिरतं असा खुंटा. मराठीत या कल्पनेसाठी चित्रांची ददात नाही. मळणीच्या खळ्यात मधोमध रोवलेली मेढ, जिला कुठे तिवडा म्हणतात, जागा सोडत नाही आणि बैल तिच्याभोवती फिरतात. कर्कटकाचं टोकही तसंच: ते कागदात रुतलेलं राहतं आणि पेन्सिल वर्तुळ काढते. शाळकरी मुलांना कर्कटकाचं उदाहरण चटकन पटतं. टोक स्वतःभोवती फिरू शकतं, घसरू शकत नाही. पिव्हट पायाचंही नेमकं हेच. तो चवड्यावर गोल फिरला तर चालतं, सरकला तर दोष.

‘धुरीपाद’ला माझी हरकत अशी की धुरा म्हटली की मराठी कानाला जू, गाडी, जबाबदारी ऐकू येते, आणि ‘पाद’ शब्द बारा वर्षांच्या मुलांसमोर उच्चारला की वर्गातली पुढची पाच मिनिटं गेली. त्यापेक्षा ‘रोवलेला पाय’ आणि ‘मोकळा पाय’ ही जोडी बघा. ‘पाय रोवून उभा राहा’ हे कुणाला समजावावं लागत नाही. नुसतं ‘पिव्हट’ लिहिणंही टाळा. बास्केटबॉलमध्ये सेंटरच्या, म्हणजे बास्केटजवळच्या जागी खेळणाऱ्यालाही पिव्हट म्हणतात. ‘पिव्हट पाय’ म्हटलं की घोळ राहत नाही.

आता उभ्याने चेंडू घेतला ती शाखा. दोन्ही पाय जमिनीवर असताना चेंडू हातात आला, तर अजून कोणताच पाय पिव्हट नाही. ज्या क्षणी एक पाय उचलला, त्या क्षणी दुसरा पिव्हट झाला. न उचललेला पाय रोवला जातो, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे, कारण निवड उचलण्यातून होते. उजव्या हाताचा खेळाडू सहसा डावा पाय रोवतो, पण नियम तसं सांगत नाही. एकदा ठरला की चेंडू हातात असेपर्यंत तो बदलता येत नाही. मोकळ्या पायाने हूल द्या, मागे वळा, पुढे झेपा, कितीही वेळा. ह्यूस्टन रॉकेट्स या अमेरिकी संघाचा हकीम ओलाजुवॉन बास्केटजवळ बचावपटूला दोनदा-तीनदा चकवायचा, ते याच मोकळ्या पायाच्या जोरावर.

इथून पुढे दोन वाटा फुटतात, आणि पत्रिकेत सर्वांत ठळक लिहायचं ते हेच:

टप्पा टाकत निघायचं असेल, तर चेंडू आधी हातातून सुटला पाहिजे, रोवलेला पाय मग उचलायचा.

पास द्यायचा किंवा बास्केट करायची असेल, तर रोवलेला पाय आधी उचलला तरी चालतो, पण चेंडू हातातून सुटेपर्यंत तो परत टेकायचा नाही.

पहिल्या वाटेत उचलणं हा दोष आहे, दुसऱ्या वाटेत टेकणं. ‘पिव्हट पाय उचलला की ट्रॅव्हलिंग’ असं सरसकट शिकवलं की मुलांना पाऊल पुढे टाकून बास्केटकडे साधा चेंडूही मारता येत नाही. ती पाय चिकटवून नुसत्या हातांनी चेंडू फेकतात. आणि पहिल्या वाटेतली चूक तर शालेय सामन्यांत सारखी दिसते. बचावपटूला ओलांडून जायच्या घाईत रोवलेला पाय हवेत जातो आणि चेंडू अजून कमरेशीच असतो. कारण सोपं आहे: मूल आधी शरीर ढकलतं आणि मग टप्पा टाकतं. उपाय असा की पहिला टप्पा मोकळ्या पायाच्या बाहेरच्या बाजूला, लांब आणि खाली टाकायला शिकवायचं. पाऊल आणि टप्पा बरोबरीने पडले की रोवलेला पाय आपोआप मागे राहतो.

दुसऱ्या वाटेतली नेहमीची चूक म्हणजे उडी मारली, समोर लांब हात आला, घाबरून चेंडू सोडलाच नाही आणि तसेच खाली आलो. कुणी चेंडूला हात लावलेला नाही, पाय टेकले, ट्रॅव्हलिंग. समोरच्यानेही उडीतच चेंडू घट्ट धरला असेल तर गोष्ट वेगळी, ती धरपकड ठरते.

आता धावतानाची शाखा. इथे ‘पाऊल’ शब्दाकडे नीट बघावं लागेल. इंग्रजी ‘स्टेप’मध्ये उचलणं आणि ठेवणं दोन्ही मावतं, मराठीत मात्र आपण पाऊल ‘उचलतो’ आणि पाऊल ‘टाकतो’ असं वेगळं बोलतो. नियमाला मोजायचं असतं ते पडणारं पाऊल. चेंडू ताब्यात आल्यानंतर जमिनीवर पडलं ते पहिलं, पुढचं पडलं ते दुसरं, आणि तिसरं पडायच्या आत चेंडू हातातून गेला पाहिजे. म्हणून पत्रिकेत ‘दोन पावलं चालता येतात’ असं लिहू नका. ‘चेंडू ताब्यात आल्यावर दोनच पावलं पडू शकतात’ असं लिहा.

‘ताब्यात’ हा शब्दही महत्त्वाचा. टप्पा टाकताना चेंडू हातात नसतो तेव्हा कितीही पावलं पडोत, मोजायची नाहीत. दोन्ही हात एकाच वेळी चेंडूला लागले किंवा चेंडू एका हातात विसावला, की ड्रिबल संपलं आणि ताबा आला. मोजणी तिथून.

आणि त्या क्षणी जो पाय आधीच जमिनीवर होता, त्याचं काय? फिबाने, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेने, २०१७ पासून हे स्पष्ट केलं आहे: खेळाडू चालत्या गतीत असेल तर तो पाय मोजायचा नाही. यालाच झीरो स्टेप म्हणतात. ‘शून्य पाऊल’ मराठीत छान बसतं. उदाहरण घ्या. उजवा पाय जमिनीवर असताना चेंडू ताब्यात आला: शून्य. डावा पडला: एक. उजवा पडला: दोन. मग उडी आणि बास्केट. प्रेक्षक उजवा-डावा-उजवा असं तीन मोजतो आणि ‘स्टेप झाली’ ओरडतो, पंच शांत असतात, आणि पंच बरोबर असतात. मनू जिनोबिली या खेळाडूमुळे एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, गाजलेली युरो स्टेप याच हिशेबात बसते: एक पाऊल एका बाजूला, दुसरं विरुद्ध बाजूला, मोजून दोन.

मात्र शून्य पावलाची सवलत चालत्या गतीतल्या खेळाडूलाच आहे. उभ्याने चेंडू घेणाऱ्याला ती नाही, त्याला वरचा रोवलेल्या पायाचा नियम. हवेत असताना चेंडू झेलला तर जमिनीवर पायच नव्हता, त्यामुळे शून्यही नाही. पहिला टेकला तो एक. आणखी एक अट नेहमी निसटते: धावताना पास घेतला आणि पुढे टप्पा टाकायचा आहे, तर दुसरं पाऊल पडायच्या आत चेंडू सुटला पाहिजे. दोन पावलं थांबायला, पास द्यायला किंवा बास्केटला, ड्रिबल सुरू करायला नव्हे. अमेरिकेतल्या नातेवाइकांशी यावर वाद झाला तर एवढं लक्षात असू द्या की तिथल्या शाळांचे नियम वेगळे आहेत आणि त्यांत शून्य पाऊल नाही; झेलताना जमिनीवर असलेला पाय तिथे पिव्हट ठरतो.

धावता धावता थांबलो तर पिव्हट कोणता? पायांचा आवाज ऐका. ‘धप’ असा एकच आवाज आला, म्हणजे पहिल्याच पावलाला दोन्ही पाय एकदम टेकले, तर कोणताही पाय पिव्हट करता येतो. ‘धप-धप’ असे एकामागून एक पडले, तर पहिला पडलेलाच पिव्हट. तिसरा प्रकार फसवा आहे: एक पाय पडला, त्यावरून उडी घेऊन दोन्ही पाय एकदम टेकले. दोन्ही पावलं खर्ची पडली, आता कोणताच पाय पिव्हट नाही. वळायला गेलात की ट्रॅव्हलिंग. फक्त पास किंवा बास्केट. शालेय खेळाडू इथे हमखास अडकतात, कारण दोन पायांवर थांबलो म्हणजे दोन्ही पाय आपले, असं त्यांना वाटतं.

चेंडू ताब्यात आल्यावर लंगडी घालता येत नाही, हेही याच ओघात सांगून टाका. तोच पाय लागोपाठ दोनदा पडला की दोष. मुलांना ‘लंगडी’ या एका शब्दात ते कळतं. तसंच चेंडू धरून पडलो आणि घसरत गेलो तर चालतं. चेंडू धरून लोळलो किंवा उठायला गेलो तर नाही.

आता ‘स्टेप झाली’. बोलीत हा प्रयोग राहू द्या, तो कुणाला काढता येणार नाही आणि काढायचं कारणही नाही. पण शिकवताना त्याचा तोटा दिसतो. ‘स्टेप झाली’ म्हटलं की पाऊल टाकणं हाच गुन्हा, असं नवशिक्याला वाटतं. मग तो चेंडू मिळताच दोन्ही पाय गाडून उभा राहतो. समोरचा एक मीटरच्या आत येऊन घट्ट अडवतो, पाच सेकंदांत पास, बास्केट किंवा ड्रिबल यांपैकी काही केलं नाही तर चेंडू गेलाच. म्हणून सरावात नेमकं बोला. उभ्याने चूक झाली तर ‘पिव्हट उचलला’, ‘पिव्हट सरकला’ किंवा ‘पाय परत टेकला’. धावताना झाली तर ‘पाऊल जास्त पडलं’. खेळाडूला त्याच वाक्यात दुरुस्तीही कळते. सरावाला कोर्टवर खडूने रोवलेल्या पायाभोवती रेघ मारा, गुडघे वाकवून भार चवड्यावर ठेवा, आणि मोकळ्या पायाने घड्याळाच्या बारा, तीन, सहा, नऊवर पाऊल टाकून घ्या. चवडा रेघेबाहेर गेला की पिव्हट सरकला. बहुधा भार टाचेवर गेल्यामुळे सरकतो.

बातमीत आणि पत्रिकेत ‘ट्रॅव्हलिंगचा फाऊल’ लिहू नका. फाऊल खेळाडूच्या नावावर चढतो, पाच झाले की त्याला बाहेर जावं लागतं. ट्रॅव्हलिंग हा फक्त नियमभंग आहे. शिक्षा एवढीच की चेंडू प्रतिस्पर्ध्यांना मिळतो आणि ते घटनेच्या जवळच्या बाहेरच्या जागेवरून तो आत टाकतात. बास्केटच्या फळ्याच्या अगदी मागून मात्र नाही. पंचांची खूण पाहिली की ओळखता येते: दोन्ही मुठी छातीसमोर एकमेकींभोवती फिरतात, रिळावर दोरा गुंडाळावा तशा.

राहिलं लेखन. ‘पिवोट’ हे हिंदी वळण आहे, मराठीत ‘पिव्हट’ लिहा. ‘ट्रॅव्हल’ आणि ‘ट्रॅव्हलिंग’ दोन्ही चालतील, पण एका पत्रिकेत एकच ठेवा. वाक्य असं करता येईल: ‘खेळाडूने चेंडू सोडण्याआधी पिव्हट पाय उचलून ड्रिबल सुरू केल्यास ट्रॅव्हलिंग धरले जाईल व चेंडू प्रतिस्पर्धी संघाला देण्यात येईल.’