अंगावर पिणारं बाळ आणि अडवलेला परीक्षा अर्ज

प्रश्न : मी एम.एस्सी.च्या तिसऱ्या सत्रात शिकते. बाळ चार महिन्यांचं आहे, फक्त अंगावर पितं. बाळंतपणामुळे हजेरी ६१ टक्के भरली, नियम ७५ चा आहे. 'स्वेच्छेने वर्ष सोडत आहे' असं लिहून द्या, असं विभागप्रमुख म्हणतात. बाळाला पाजायला जागा मागितली तर नकार मिळाला. परीक्षा अर्जाची मुदत १२ दिवसांत संपते. काय करू?

उत्तर : ते पत्र लिहून देऊ नका. तुमच्या सहीची ती एक ओळ फाइलला लागली, की उद्या न्यायालयात विद्यापीठाचे वकील तीच आधी वाचून दाखवतील. चार महिन्यांच्या लेकराच्या आईकडून असं काही लिहून घेणं मला अन्यायाचं वाटतं. तुम्ही आधीच सही केली असेल, तर ती दबावाखाली झाल्याचं आजच लेखी कळवा.

बाळंतपणाची रजा आणि बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन वेळा सुटका, हे हक्क कायद्याने नोकरदार आईला दिलेत. विद्यार्थिनीला ते लागू नाहीत. पीएच.डी. करत असता तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांनुसार २४० दिवसांपर्यंतची रजा मागता आली असती. पदव्युत्तर विद्यार्थिनींसाठी आयोगाने १४ डिसेंबर २०२१ रोजी विद्यापीठांना पत्र पाठवलं : प्रसूती रजेचे, हजेरीतल्या सवलतीचे आणि परीक्षा अर्जाची मुदत वाढवण्याचे नियम करा. तुमच्या विद्यापीठाने असा नियम केलाय का, हे लेखी विचारा. केला नसेल, तर तो न केल्याची शिक्षा तुम्हाला का, हाच तुमचा मुद्दा.

न्यायालयांचे निकाल दोन्हीकडे आहेत, हे लपवणार नाही. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने कायद्याच्या एका विद्यार्थिनीला सवलत नाकारली होती. त्याच न्यायालयाने मे २०२३ मध्ये एम.एड.च्या विद्यार्थिनीचा ५९ दिवसांच्या सवलतीचा अर्ज फेटाळणारा आदेश रद्द केला. शिक्षण आणि मातृत्व यांतलं एकच निवडायला स्त्रीला भाग पाडता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय. हा निकाल अर्जाला जोडा. मुंबई उच्च न्यायालयावर तो बंधनकारक नसला तरी वजन नक्कीच पडतं.

अर्जात भावनेपेक्षा हिशेब बोलू द्या. प्रसूतीचे दिवस वगळून उरलेल्या तासिकांपैकी किती भरल्या, हा आकडा बहुधा ७५ च्या पुढे जाईल. प्रात्यक्षिकं पूर्ण असतील तर ठळक लिहा, राहिली असतील तर भरून काढण्याची तयारी दाखवा. डिस्चार्ज कार्ड आणि बाळाचा जन्मदाखला जोडा. प्राचार्य आणि परीक्षा विभाग, दोन्हीकडे द्या आणि पोच घ्या. तोंडी नकार आला तर 'आज तुम्ही असं सांगितलंत' असा ईमेल त्याच दिवशी पाठवा.

विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडेही जा, पण तिच्या निर्णयाची वाट पाहत बसू नका. बारा दिवस त्याला पुरणार नाहीत. पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत उत्तर आलं नाही, तर उच्च न्यायालयात रिट याचिका (हक्क डावलल्याबद्दल थेट उच्च न्यायालयात केलेला अर्ज) दाखल करा आणि परीक्षेला बसू देण्याचा अंतरिम, म्हणजे याचिकेचा निर्णय होईपर्यंतचा, आदेश मागा. तो मिळाला तरी परीक्षेचा निकाल याचिकेच्या निर्णयावर अवलंबून राहू शकतो, ही मनाची तयारी असू द्या. वकिलाच्या फीची चिंता असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. १९८७ च्या कायद्याने स्त्रीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, आणि हे फार थोड्या जणींना माहीत असतं.

पाजण्याच्या जागेसाठी अर्ज वेगळा करा, हजेरीच्या अर्जात मिसळू नका. नाहीतर एकाचा नकार दुसऱ्याला चिकटतो. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्तनपान हा आईचा संविधानाच्या अनुच्छेद २१ (जगण्याचा हक्क) खालचा हक्क मानला आहे. आतून कडी लागणारी खोली आणि दोन तासिकांमधला ठरावीक वेळ, एवढंच नेमकं मागा.

परीक्षा अर्ज मात्र मुदतीच्या आतच भरायचा. पोर्टलने तो नाकारला, तर तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. याचिकेला तो लागेल.