घरात टकळी, शाळेत ब्र नाही

शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात आणि जुलै उजाडला की दरवर्षी एक ठरलेली तक्रार माझ्याकडे येऊ लागते. "घरात हिची टकळी बंद होत नाही, आणि शाळेत तोंडातून ब्र काढत नाही." मुलगी पहिलीतली असते, कधी बालवाडीतली. आजी म्हणते लाजाळू आहे, काका म्हणतात हट्टी आहे, शाळा म्हणते घरी लक्ष द्या. आईचा खरा प्रश्न मात्र उठताना, दारात चप्पल शोधता शोधता येतो: "माझंच काही चुकलं का?"

यंदाही दोन-तीन आयांनी हेच विचारलं, म्हणून हर्णैच्या बाजूच्या एका आईचा अनुभव सांगते. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलीला घरात सगळे 'बाय' म्हणतात, मीही तेच म्हणेन.

बायची आई हर्णै बंदरावर लिलावात मासळी घेते आणि दापोलीत नेऊन विकते. वडील ट्रॉलरवर खलाशी, त्यामुळे हंगामात घरी कमीच. हर्णैचा लिलाव ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. वाळूवर बांगड्याचे, म्हाकुलांचे, कोळंबीचे वाटे लावलेले, भोवती बायकांचं कडं, आणि बोली अशी चढते की नवख्याला भांडण लागलंय असं वाटावं. तिथे या बाईचा आवाज सगळ्यांच्या वर असतो. तिच्याच पोटची पोर वर्गात मूग गिळून बसते, हे तिला पटतच नव्हतं.

माझ्याकडे यायच्या आधी घरचे उपाय करून झाले होते. सासूबाईंनी देवळात गाऱ्हाणं घातलं होतं, कुणी मधात वेखंड उगाळून जिभेला लावायला सांगितलं होतं. गाऱ्हाण्याला माझी काही हरकत नाही. घरच्यांना त्याने धीर येत असेल तर बरंच आहे. पण जिभेला काहीही लावून उपयोग नव्हता, कारण जीभ ठणठणीत होती. शाळेने 'बोललीस तर चॉकलेट' करून पाहिलं, मग बाकावर उभं करून पाहिलं.

मग एक दिवस बाय ओल्या फ्रॉकमध्ये घरी आली. तिला लघवीला जायचं होतं आणि 'बाई, जाऊ का?' हे तीन शब्द तोंडातून निघाले नाहीत. मधल्या सुट्टीपर्यंत तिने दम धरला, मग धरवला नाही. त्या दिवशी आई लिलावाला गेली नाही. "मी तिला धपाटा घातला, म्याडम," ती मला म्हणाली, "आन् मग तिच्या आधी मीच रडले."

पहिल्या भेटीत बाय आईच्या पदरात तोंड खुपसून बसली होती. अशा मुलांना मी सुरुवातीला प्रश्न विचारत नाही. नाव काय, कितवीत आहेस, असं विचारलं की मूल आणखी मिटतं. मी खाली सतरंजीवर बसले, शिंपल्यांचा डबा ओतला आणि स्वतःशीच बोलत राहिले. ही मोठी, हिला भोक आहे, ही पांढरी. बऱ्याच वेळाने एक हात पदरातून बाहेर आला आणि भोकवाली शिंपली उचलून बाजूला ठेवली. मी म्हटलं, "हं, ही वेगळी काढलीस." बस्स. नंतर कधीतरी मी हळूच विचारलं, "ही गुलाबी ठेवू की पांढरी?"

"पांढरी," आई म्हणाली.

आणखी काहीतरी विचारलं. उत्तर पुन्हा आईचंच. बाय आईकडे बघायची, आई बोलायची, प्रश्न मिटायचा. दोघींची ही लय इतकी मुरलेली होती की आईला ते जाणवतही नव्हतं.

या त्रासाला सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात. मूल घरी, आपल्या माणसांत नीट बोलतं. शाळेत किंवा परक्यांत मात्र त्याची अक्षरशः दातखिळी बसते. अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनने २०१३ साली आपली विकारांची वर्गवारी बदलली तेव्हा त्याला चिंताविकारांच्या गटात ठेवलं, आणि ते योग्यच होतं. मुलाने 'बोलणार नाही' असं ठरवलेलं नसतं. बोलायची वेळ आली की भीतीने घसा आवळतो, चेहरा दगडासारखा होतो, काही मुलांना साधी मानही हलवता येत नाही. बघणाऱ्याला तो माज वाटतो. शेकड्यात एकापेक्षाही कमी मुलांत हे आढळतं, म्हणून बऱ्याच शिक्षकांनी असं मूल पाहिलेलंच नसतं. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. सुरुवात बहुधा पाच वर्षांच्या आत होते, पण लक्षात येतं शाळेत घातल्यावर. आईबापांच्या वागण्यामुळे हे होतं असंही नाही. मूल मुळात भित्रं, संकोची असतं, आणि घरातल्या आणखी कुणाला तरी चारचौघांत बोलायची धास्ती असल्याचं पुष्कळदा दिसतं.

पण एकदा झालं की ते टिकतं कसं, हे मात्र नीट बघावं लागतं. कुणीतरी विचारतं, मूल घाबरतं, मोठ्यांना ते बघवत नाही, ते उत्तर देऊन टाकतात. मुलाचा जीव भांड्यात पडतो, आईचाही. प्रत्येक वेळी मुलाला एकच धडा मिळतो: गप्प राहिलं की सुटका होते. हे मायेपोटीच होतं, म्हणून तर मोडायला जड जातं.

मी बायच्या आईला सांगितलं की कुणी बायला काही विचारलं तर मनात पाच मोजायचे, तोवर तोंड उघडायचं नाही. ती हसायलाच लागली. "लिलावात मी पाच मोजत बसले तर वाटा दुसरीच घेऊन जाईल की!" खरंच होतं तिचं. जिचं पोट झटपट बोलण्यावर चालतं तिला मी गप्प राहायला सांगत होते. पाचाऐवजी दीडलाच तिच्या तोंडून उत्तर निसटायचं. मग तिने स्वतःच युक्ती काढली. कुणी बायला विचारलं की ती पदराचं टोक दातात धरायची. माझ्यासमोर तिने ते पहिल्यांदा केलं तेव्हा मला हसू आवरेना. पण पदर दातात होता तोवर बायने गुलाबी शिंपली बोटाने माझ्याकडे सरकवली. तेही उत्तरच होतं.

शाळेत मात्र सगळ्यात आधी बोलण्याचं काही केलं नाही. आधी लघवीची सोय केली. बायच्या दप्तरात लाल रिबिनीचा तुकडा ठेवला. तो बाकावर ठेवला की बाईंनी नुसती मान हलवायची आणि बायने जायचं. बोललीस तरच सोडीन, हा सौदा बंद. बाई चांगल्या होत्या, लगेच कबूल झाल्या. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला महत्त्वाची वाटली. अंगणवाडीत बाय घरच्या कोळी बोलीत काही बोलली आणि पोरं हसली होती. घरची बोली एक आणि शाळेची दुसरी असेल तर मूल काही दिवस नुसतं ऐकत राहतं, ते स्वाभाविक आहे, त्याला आजार म्हणू नये. बायचं तेवढंच नव्हतं, ती देवळात आणि दुकानातही बोलत नव्हती. पण ते हसणं तिच्या मनात रुतून बसलं असणार. बाईंनी वर्गात कोळी बोलीतली माशांची नावं फळ्यावर लिहून घेतली. बाय काही बोलली नाही, पण बाई सांगत होत्या की त्या तासाला ती पहिल्यांदाच मान वर करून बसली होती.

त्यानंतर पायऱ्या. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात फक्त आई आणि बाय, सागरगोटे खेळत. तिथे बायचा आवाज निघाला की मग बाई दाराशी उभ्या राहणार, वही तपासत, लक्ष नसल्यासारख्या. पुढच्या खेपेला वर्गात, मग जवळच्या बाकावर, मग खेळात. आणि त्या जवळ आल्या की आईने थोडं थोडं मागे सरायचं. कुठल्या पायरीवर आवाज बंद झाला तर एक पायरी खाली यायचं, ओरडायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं. मासळीची पाटी उतरवून, बस पकडून, शाळा सुटायच्या वेळेला पोचणं आणि दार बंद करून मुलीशी खेळत बसणं हे त्या बाईला किती महाग पडत होतं, ते तिलाच ठाऊक. काही दिवस तर ती मासळी जाऊबाईंच्या हातात देऊन यायची. जाऊबाई काय भावाने विकायच्या हा वेगळा विषय.

याच सुमाराला गणपती आले. मी कोकणातल्या आयांना आधीच सांगून ठेवते की अशा मुलासाठी गणपतीचे दिवस कठीण असतात. मुंबईहून चाकरमानी येतात, घर भरतं, आणि प्रत्येकाला मुलाचा आवाज ऐकायचा असतो. तसंच झालं. आईच्या फोनवर बायने म्हटलेल्या कवितेचं रेकॉर्डिंग होतं. बायच्या संमतीने ते बाईंना ऐकवायचं, असं आमचं ठरलं होतं. ते एका पाहुण्याच्या हाती लागलं आणि त्यांनी आरतीनंतर सगळ्यांसमोर लावलं. "बघा, येतं की बोलायला! नाटकं करते." बाय माळ्यावर जाऊन बसली, जेवायलाही उतरली नाही. मोठी नणंद म्हणाली, "मुकी आहे का शहाणी आहे, एकदा ठरवा."

बायच्या आईला लिहायचा कंटाळा, म्हणून मी तिला वहीऐवजी फोनवर बोलून पाठवायला सांगितलं होतं. त्या रात्री तिने पाठवलेलं मी तिच्याच शब्दांत देते:

"म्याडम, बंदरावर मी कुणाच्या बापाला घाबरत नाय. पण वन्सं बोलल्या आन् माजा आवाजच गेला. घशात काय तरी अडकल्यागत. लग्नाला दहा वर्सं झाली, वन्संसमोर मी कदी धड बोललेच नाय, ते आज कळला मला. माजी पोर शाळेत जशी बसते ना, तशी मी बसले होते. मंग वाटला, हिला रोज असाच होत असंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी नणंदेने पुन्हा बायला बोलतं करायचा प्रयत्न केला. आईने पाच मोजले. या वेळी स्वतःसाठी. मग म्हणाली, "वन्सं, तिला भीती वाटते. डॉक्टरी त्रास आहे तो. तिला विचारू नका, नुसतं खेळवा." आवाज थरथरत होता असं ती सांगते. नणंद दुपारपर्यंत फुगून होती. म्हणजे एका वाक्याने घर बदललं वगैरे काही झालं नाही. लोकांना धीट बाई म्हटलं की भांडखोर, आवाजी बाई आठवते. हिच्यासाठी हजार रुपयांची बोली लावणं हातचा मळ होता, आणि हे एक वाक्य डोंगराएवढं.

दिवाळीची सुट्टी लागायच्या थोडं आधी रिकाम्या वर्गात खेळ रंगला होता. बाईंचा सागरगोटा निसटला, त्यांनी मुद्दाम पुन्हा उचलला. बाय झटकन म्हणाली, "तुमच्यावर राज्य!" बाईंनी अजिबात कौतुक केलं नाही, टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण तसं ठरलेलं होतं. टाळ्या वाजवल्या की मूल पुन्हा कोशात जातं. त्यांनी नुसतं "बरं बाई" म्हणून डाव दिला. आई खिडकीकडे तोंड करून उभी होती. तिला तेव्हा वळून बघायचं नव्हतं, तेही ठरलेलं होतं.

वर्षअखेरीला बाय दोन मैत्रिणींशी बोलत होती, हजेरीला हळू आवाजात 'हजर' म्हणत होती. प्रार्थनेच्या वेळी पुढे उभी राहून ती काही म्हणत नाही आणि मोठ्या आत्याशीही बोलत नाही. काही मुलांना यापेक्षा जास्त वेळ लागतो. मूल जितकं मोठं तितकी गाठ घट्ट. मोठ्या मुलांत कधी मानसोपचारतज्ज्ञ औषधही देतात, त्याला घाबरून जाऊ नये.

तुमच्या घरी असं मूल असेल तर शाळेचा पहिला महिना जाऊ द्या, तो सगळ्याच मुलांना अवघड असतो. महिन्यानंतरही शाळेत आवाज निघत नसेल तर आधी कानाची तपासणी करून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळा-अंगणवाडीत येतं तेव्हा त्यांना सांगा, ते पुढच्या तपासणीसाठी चिठ्ठी देतात. घरातसुद्धा अचानक बोलणं थांबलं असेल, किंवा येत असलेले शब्द जाऊ लागले असतील, तर ते वेगळं प्रकरण आहे, तिथे वाट बघू नका. रत्नागिरी जिल्ह्यात मनोरुग्णालय आहे म्हणून 'तिकडे' गेलं की लोक काय म्हणतील, अशी धास्ती आपल्याकडे फार. ज्यांना कुठे जायचं नाही त्यांनी निदान टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

यंदा मे महिन्यात बायच्या बाईंची बदली झाली. मला कळलं तेव्हा माझ्याच पोटात गोळा आला. पण आईने मला फोन केला तो सगळं उरकल्यावर. मासेमारीची बंदी लागली होती, लिलाव थंड होता, म्हणून शाळा उघडायच्या आधीच ती बायला घेऊन नव्या गुरुजींना भेटून आली. लाल रिबीन दाखवली, पायऱ्या समजावल्या, टाळ्या वाजवू नका म्हणून सांगितलं. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण घरी बोलते ना नक्की? एखादं रेकॉर्डिंग आहे का?" आईने बायकडे पाहिलं. बायने मान हलवली. आईने फोन पिशवीत टाकला आणि गुरुजींना म्हणाली, "नाय म्हणत्ये ती. थोडं थांबा, तीच ऐकवील."