‘रंग फोटोसारखा नाही’

‘साडी परत करायचीय असा मेसेज आला की पोटात गोळा येतो, काय करू?’ घरून ऑनलाइन विक्री करणाऱ्या बायका हल्ली हे फार विचारतात. मी समुपदेशक आहे; माझ्याकडे आलेल्या, इंदूरच्या लोकमान्यनगरातल्या एका वहिनींची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

वहिनी महेश्वरहून साड्या आणून व्हॉट्सअ‍ॅपवर विकायच्या. कुणी तक्रार केली की रात्री अकराला उठून पैसे परत, साडी हातात यायच्या आधीच. मग नवऱ्याशी वाद आणि पहाटेपर्यंत जागरण.

मी म्हटलं, “शेवटचा मेसेज वाचून दाखवा बरं.”

“लिहिलंय, तुम्ही फसवलंत, रंग वेगळाच आहे.”

मोबाइल मी हातात घेतला. एवढंच होतं: ‘रंग फोटोसारखा नाही. परत घ्याल का?’ फसवलंत कुठेच नव्हतं. वहिनींनी दोनदा वर-खाली करून पाहिलं आणि ओशाळं हसल्या.

मग जुने मेसेज कागदावर उतरवले. निम्म्याहून जास्त रंगाचे. वहिनी फोटो रात्री ट्यूबलाइटखाली काढायच्या! हे काही समुपदेशन नव्हे, पण सांगून टाकलं की सकाळी गच्चीवर काढा, बुगडी किनारीचा (महेश्वरी साडीच्या खास काठाचा) जवळून एक. दोन साड्यांत सूत तुटलेलं होतं. तिथे घासाघीस नकोच. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेत्याला नाही म्हणता येत नाही. उरलेल्या ‘सासूबाईंना आवडली नाही’ छापाच्या. त्यासाठी आपली अट विकण्याआधीच लिहिलेली हवी.

त्याच नियमांत तक्रारीची पोच द्यायला ४८ तास आणि निवारणाला एक महिना आहे. हे ऐकून वहिनी मागे टेकून बसल्या. “म्हणजे सकाळी पोहे झाल्यावर उत्तर दिलं तरी चालतं?”

पंधरा दिवसांनी एक साडी परत आली, पदराला हळदीचा डाग, घडीही भलतीच. वहिनींनी डागाचा फोटो पाठवून लिहिलं, ‘साडी नेसलेली आहे, पैसे परत करता येणार नाहीत.’ एवढं लिहायला दोन दिवस लागले म्हणाल्या. समोरून उत्तर आलं, ‘बरं. मग साडी पाठवून द्या.’

आता कुरियरचे पैसे कुणी द्यायचे, यात आमची पुढची अख्खी भेट गेली.