ती ओळ .गिटइग्नोरमधून काढ

प्रिय,

तुझ्या पुल रिक्वेस्टमध्ये .गिटइग्नोरच्या, म्हणजे गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींच्या, यादीत पॅकेज-लॉक.जेसन दिसली. एनपीएम या जावास्क्रिप्टच्या पॅकेज मॅनेजरची ही लॉक फाइल. हजारो ओळींचा डिफ (काय बदललं ते दाखवणारा मजकूर) कोण वाचणार, हा तुझा वैताग मला कळतो. तरी ती ओळ काढ.

पॅकेज.जेसनमध्ये आपण लिहितो ती मागणी: कोणती पॅकेजेस, कोणत्या व्हर्जनची हवीत. ^१.४.० म्हणजे १.४.० किंवा त्यापुढचं, २.० च्या अलीकडचं काहीही चालेल. प्रत्यक्षात काय आलं, ते लॉक फाइल सांगते. तू म्हणशील, मग ^ ही टोपी काढून नेमकी व्हर्जनच लिहू. पण ती फक्त थेट मागवलेल्या पॅकेजेसची. त्यांच्या मागोमाग जी शेकडो येतात, त्यांना कोण बांधणार?

जानेवारी २०२२ मध्ये कलर्स या पॅकेजच्या लेखकानेच १.४.१ मध्ये मुद्दाम न संपणारं लूप घातलं. टोपीवाल्या मागणीत ते बिनदिक्कत बसत होतं. ज्यांच्या लॉक फाइलमध्ये १.४.० होतं आणि जे तिच्यावरूनच इन्स्टॉल करत होते, त्यांना झळ लागली नाही.

नुसती कमिट करून मात्र भागत नाही. सीआयमध्ये, म्हणजे प्रत्येक बदल आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेत, 'एनपीएम इन्स्टॉल' नको, 'एनपीएम सीआय' हवं. दोन फाइलींचं जुळत नसेल तर पहिलं गुपचूप लॉक बदलून पुढे जातं, दुसरं तिथेच अडतं. अडलेलं बरं.

मर्ज कॉन्फ्लिक्ट आला, म्हणजे दोघांचे बदल एकाच जागी भिडले, की लॉक फाइल उडवून नवी बनवायचा मोह होतो. मी एकदा तेच केलं. आतली सगळी पॅकेजेस एकदम पुढे सरकली आणि कोणामुळे काय मोडलं ते शोधण्यात दोन दिवस गेले. आधी पॅकेज.जेसनमधला कॉन्फ्लिक्ट सोडव, मग एनपीएम इन्स्टॉल चालव. लॉकमधला कॉन्फ्लिक्ट एनपीएम स्वतः निस्तरतं.

इतरांनी वापरायच्या लायब्ररीचं थोडं वेगळं. पॅकेज-लॉक.जेसन पॅकेजबरोबर प्रकाशित होत नाही, त्यामुळे वापरणाऱ्याला तिचा आधार नसतो. रस्ट भाषेच्या कार्गो या पॅकेज मॅनेजरचा सल्लाही पूर्वी लायब्ररीत लॉक ठेवू नका असाच होता. २०२३ मध्ये त्यांनी तो आग्रह सोडला. मी लायब्ररीतही ठेवतो, पण सीआयचा एक जॉब लॉकशिवाय, ताज्या व्हर्जनवर चालवतो.

आणि तो लांबलचक डिफ अगदीच न वाचता सोडू नकोस. कुठलं नवं नाव शिरलंय आणि 'रिझॉल्व्ड'मधला, म्हणजे पॅकेज जिथून उतरतं तो, पत्ता भलत्याच सर्व्हरचा नाही ना, एवढं बघ. अपडेट्स वेगळ्या पुल रिक्वेस्टमध्ये घेतलेस, तर त्याला फार वेळ लागत नाही.