पेन्शनचे 971 रुपये गेले कुठे?

प्रश्न (लालबागच्या एका वाचकाचा): खासगी कंपनीत सप्टेंबर 2006 ते ऑगस्ट 2024 अशी 18 वर्षे नोकरी करून 58व्या वर्षी निवृत्त झालो. 2014 पासून मूळ पगार 15,000 च्या वरच होता. 15,000 गुणिले 18 भागिले 70 म्हणजे 3,857 रुपये पेन्शन बसते. खात्यात 2,886 येतात. मार्च 2025 मध्ये संसदेत पेन्शनच्या नियमांवर मतदान झाले, त्यामुळे ही कात्री लागली का? वांद्र्याच्या पीएफ ऑफिसात जाऊ का?

उत्तर: त्या मतदानाचा तुमच्याशी संबंध नाही. 25 मार्च 2025 ला लोकसभेने वित्त विधेयकासोबत मंजूर केलेला भाग केंद्र सरकारी पेन्शनरांचा. (निवृत्तीच्या तारखेवरून त्यांच्यात फरक करायचा अधिकार सरकारने पक्का करून घेतला, तोही थेट 1 जून 1972 पासून. तिथे भांडायला पुष्कळ जागा आहे.) तुमची ईपीएस-95, म्हणजे पीएफसोबतची खासगी नोकरदारांची पेन्शन योजना. तिचे नियम सरकार अधिसूचना काढून बदलते.

तुमचे पैसे अडलेत ऑगस्ट 2014 च्या अधिसूचनेत. पेन्शनसाठी धरायच्या पगाराची मर्यादा 1 सप्टेंबर 2014 पासून 6,500 वरून 15,000 झाली, पण आधीच्या सेवेला जुनीच मर्यादा राहिली. त्यामुळे हिशेबाचे दोन तुकडे पडतात. पहिली 8 वर्षे: 6,500 × 8 ÷ 70 = 743. पुढची 10 वर्षे: 15,000 × 10 ÷ 70 = 2,143. बेरीज 2,886. आकडा चोख आहे.

तरी पीएफच्या पासबुकातला पेन्शनचा रकाना एकदा पाहाच. कंपनीने भरायच्या, मर्यादेच्या 8.33 टक्क्यांनी ऑगस्ट 2014 पर्यंत दरमहा 541 आणि सप्टेंबरपासून 1,250 दिसायला हवेत. पुढेही 541 च दिसत असेल, तर कंपनीने भरणा कमी केला आहे. बिनपगारी रजेचे दिवस चुकून जास्त लागले असतील, तरी सेवा घटते.

वांद्र्याची खेप एकाच गोष्टीसाठी करा. 2006 च्या आधी दुसरीकडे पीएफ कापला जात होता का? तिथल्या पेन्शनचे पैसे 10सी हा अर्ज भरून काढले नसतील, तर ती सेवा जोडून सुधारित पीपीओ (पेन्शन देण्याचा आदेश) मागा. एकूण 20 वर्षे भरली, तर वर 2 वर्षे जास्तीची धरतात. जुना पीएफ क्रमांक आणि सोडल्याची तारीख मात्र हवीच.