पप्पा पुन्हा वर्दी घालणार आहेत. आम्ही कुठे कमी पडलो?

मावशी,
मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहते, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पप्पा 24 वर्षं फौजेत होते. दीड वर्षापूर्वी हवालदार म्हणून पेन्शनवर आले. आम्हाला वाटलं, आता कायमचे आपले झाले. पहिले काही महिने चांगले गेले. मग कुरबुरी सुरू झाल्या. ते सगळ्यांना पाचला उठवायचे, आईने लावलेले डबे हलवायचे, दहावीतल्या भावाला प्रत्येक गोष्टीवरून बोलायचे. साताऱ्यात बँकेबाहेर गार्डची नोकरी धरली आणि सोडली. परवा आई फौजी कॅन्टीनला गेली होती. तिथे त्यांच्या जुन्या सोबत्याने विचारलं, ‘वहिनी, मेजर डीएससीला कधी निघणार?’ डीएससी म्हणजे लष्करी ठिकाणांवर पहारा देणारं दल, त्यात माजी सैनिक पुन्हा वर्दी घालून जातात. आईला यातलं काहीच माहीत नव्हतं. घरी येऊन विचारलं तर पप्पा एवढंच म्हणाले, ‘कागद भरलेत, बघू.’ तेव्हापासून आई त्यांच्याशी बोलत नाही. भाऊ म्हणतो, जाऊ दे, नाहीतरी ते पाहुणेच होते. हवालदार होते ते आता परत शिपाई म्हणून उभे राहणार! आमच्यात एवढं काय कमी आहे?

— तुझी भाची

प्रिय पोरी,

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तो प्रश्न घेऊन तुझी झोप उडालेली दिसते. तुमच्यात काही कमी नाही. तुझ्या पप्पांनाही तसं वाटत नसणार. माझा अंदाज असा, की या दीड वर्षात त्यांना स्वतःचाच उपयोग दिसेनासा झालाय.

हिशोब कर. एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी भरती, 24 वर्षं नोकरी, म्हणजे पप्पा आज पंचेचाळिशीच्या आसपास. या वयात तुमच्या गावातल्या गुरुजींची आणि ग्रामसेवकाची दहा-पंधरा वर्षांची नोकरी अजून बाकी असते. फौजेला तरुण माणसं लागतात, म्हणून शिपाई-हवालदाराला ती लवकर सोडते. धडधाकट माणूस घरी येतो, गाव त्याला मेजर म्हणून हाक मारतं आणि काम म्हणून बँकेच्या दाराशी एक खुर्ची देतं. ज्याने रात्रीच्या गस्तीला दहा पोरं नेली आणि सगळी परत आणली, त्याला दिवसभर लोकांना पैसे काढायची रांग दाखवायची. पप्पांनी ती नोकरी सोडली याचं मला नवल वाटत नाही.

आता घराकडे बघू. फौजीला वर्षाला 60 दिवसांची वार्षिक रजा आणि 30 दिवसांची किरकोळ रजा, तीही युनिटने सोडलं तर. म्हणजे तुझ्या आयुष्यातला बाप बहुतेक सुट्टीतलाच. सुट्टीत आलेल्या बापासाठी मटण होतं, नातेवाईक येतात, कोणी त्याच्याशी वाद घालत नाही. बाकीचं वर्ष आईने काढलं. गॅस, पिकाचं पाणी, तुझं ॲडमिशन, सासूबाईंचं दुखणं, सातबारावरच्या नोंदी, सगळं तिने एकटीने शिकून घेतलं. पप्पांशिवाय चालणारं घर तिने उभं केलं, कारण तिला दुसरा पर्यायच नव्हता. पप्पा कायमचे आले तेव्हा त्या घरात त्यांच्या वाट्याचं एकही काम शिल्लक नव्हतं. डबे हलवणारा माणूस काय शोधत होता, हे जरा या बाजूने बघ. आणि रोज ते डबे मुकाट्याने पुन्हा जागेवर ठेवणाऱ्या तुझ्या आईला काय वाटत होतं, तेही बघ. दोघंही बरोबर होते, पण दोघांपैकी एकानेही तोंडाने काही सांगितलं नाही.

तू लिहितेस, हवालदार आता शिपाई होणार. तुला त्यात कमीपणा वाटतो. मला वाटतं, त्यांचं मन कळायला हीच गोष्ट उपयोगी पडेल. डीएससीत जाणारा माजी सैनिक पूर्वीची फीत बाजूला ठेवून शिपाई म्हणून नव्याने सुरुवात करतो, हे पप्पांना कागद भरण्याआधीपासून माहीत आहे. तरी ते जायला तयार आहेत. म्हणजे हुद्द्याची हाव नाही, हे नक्की. सकाळी कुठे उभं राहायचं आणि कोणाच्या जिवाची जबाबदारी आपल्यावर आहे, हे जिथे स्पष्ट असतं, त्या जागेची त्यांना ओढ आहे. ही ओढ तुमच्याविरुद्ध नाही.

पण पप्पांचं एक चुकलं आणि ते मी गुळगुळीत करून सांगणार नाही. जिने इतकी वर्षं वाट पाहिली, तिला हा निर्णय कॅन्टीनच्या रांगेत परक्या माणसाकडून कळला. आईचा अबोला जाण्याबद्दल आहेच, पण त्याहून जास्त तो विचारलं नाही याबद्दल आहे. पप्पा सीमेवर असताना प्रत्येक फोनला दचकणारी बाई या निर्णयात अर्धी भागीदार आहे. पप्पांनी बहुधा भीतीने लपवलं असेल, ती रडेल आणि आपण विरघळू या भीतीने. कारण समजतं, म्हणून चूक भरून निघत नाही. त्यांनी आईची माफी मागायला हवी, तीही तुम्हा मुलांना मध्ये न घालता.

आता डीएससीबद्दल, कारण अर्धी भीती माहिती नसल्याची असते. डिफेन्स सिक्युरिटी कोअर हे दल 1947 पासून आहे, त्याचं केंद्र केरळात कन्नूरला आहे. दारूगोळ्याची कोठारं, हवाई तळ, नौदलाच्या गोद्या अशा ठिकाणांचा पहारा हे त्यांचं काम. पप्पा उद्या बर्फातल्या चौकीवर जाणार, असं आईच्या डोळ्यासमोर येत असेल तर ते तसं नाही. पण ही नोकरी बिनधोक आहे, असंही तिला सांगू नका. जानेवारी 2016 मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला झाला, तेव्हा मारल्या गेलेल्या सात जणांत पाच जवान डीएससीचे होते. पहारा हा पहाराच असतो. नेमणूक देशात कुठेही होऊ शकते आणि फॅमिली क्वार्टर लगेच मिळेल असं गृहीत धरता येत नाही.

पैशाचा भाग तू बी.कॉम.वाली आहेस तर तूच हातात घे. पहिली पेन्शन चालू ठेवून वर डीएससीचा पगार घ्यायचा, की जुनी सेवा नव्या सेवेत धरायची, हा पर्याय कागदावर लिहून द्यावा लागतो. त्याचे परिणाम जन्मभर राहतात, सही करण्याआधी ते समजून घ्या. दुसरी पेन्शन हवी तर डीएससीत साधारण 15 वर्षं भरावी लागतात. पंचेचाळिशीत सुरुवात करणाऱ्याची ती भरतील का, हा साधा वजाबाकीचा प्रश्न आहे, पण घाईत कोणी तो सोडवत नाही. थोडक्या महिन्यांनी पेन्शन हुकली म्हणून सशस्त्र सेना न्यायाधिकरणात गेलेले जवान कमी नाहीत. पप्पा दुसऱ्या पेन्शनच्या भरवशावर जात असतील, तर हे आजच बोला.

बाकीच्या वाटाही त्यांच्यासमोर ठेव, अडवण्यासाठी म्हणून नव्हे, निवड खरी व्हावी म्हणून. महाराष्ट्र शासनाच्या गट क आणि ड पदांत माजी सैनिकांना 15 टक्के आरक्षण आहे. मन वर्दीतच असेल तर छत्रपती संभाजीनगरला प्रादेशिक सेनेची 136 पर्यावरण बटालियन आहे. मराठवाड्याच्या उजाड जमिनीवर झाडं लावण्याचं, जगवण्याचं काम करते आणि त्यात माजी सैनिक घेतले जातात. सध्या भरती आहे का, ते साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कळेल. तिथे पप्पांनी एकट्याने जाऊ नये. आईला सोबत न्यावं, दोघांनी समोर बसून ऐकावं.

भावाचं ‘पाहुणेच होते’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. तो रागाने बोलला असला तरी ते वाक्य आतून आलंय. त्याला बाप मिळाला तो थेट शिस्तीचा. लहानपणी खांद्यावर बसवणारा बाप त्याच्या वाट्याला फार थोडा आला. पप्पा जाणार असोत वा नसोत, त्याच्या दहावीच्या परीक्षेआधी निघू नका, एवढी एक गोष्ट तू त्यांच्याकडे ठामपणे माग. पुढची संधी चुकली तर चुकू दे. आणि या महिन्यांत घरातलं एक काम पूर्णपणे पप्पांचं होऊ दे, शेताचं म्हण किंवा बँकेचं. आई त्यात हात घालणार नाही, आणि ते चुकले तर ते स्वतःच निस्तरतील. कदाचित त्यानंतरही ते जातील. पण तेव्हा घरात जागा नव्हती म्हणून गेले, असं कोणालाच म्हणता येणार नाही.

तू मात्र निरोप्या होऊ नकोस. ‘आई असं म्हणते’, ‘पप्पा तसं म्हणतात’ हे फौजी घरांतल्या थोरल्या मुलींच्या गळ्यात कायम पडतं. एका संध्याकाळी भावाला घेऊन मामाकडे जा, मुक्कामालाच जा. निघताना पप्पांना एवढंच सांग, की आईला जे कॅन्टीनमध्ये कळलं, ते आता त्यांच्या तोंडून पहिल्यापासून ऐकायचं आहे.